दटावून अर्जुनही उठला नव्हता

महाराष्ट्रातील समस्त कीर्तनकार, प्रवचनकार आणि निरूपणकार यांस,



आषाढीची वारी करून दिंड्या आपापल्या गावी परतल्या. आता श्रावणातल्या सप्ताहांच्या पत्रिका छापायला जातील. काकडा कोणाकडे, हरिपाठ कोणाकडे, काल्याचे कीर्तन कोणाचे, सारे ठरत असेल. त्याआधी आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र घाईने लिहिते आहे.

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवले. माहेर गोदाकाठचे. वडील सप्ताहात वीणा धरायचे, धाकटा भाऊ टाळकरी. आमच्या घरात शास्त्र आले ते पोथीतून थोडे आणि कीर्तनातून फार. आईला अक्षरओळख नव्हती, पण नारदाने ध्रुवाला काय सांगितले आणि शुकाने परीक्षिताला काय सांगितले, हे तिला तोंडपाठ होते. डॉक्टरांनी सांगितलेले ती तीनतीनदा विचारून घ्यायची. महाराजांनी सांगितलेले एकदा कानावर पडले की तिला पुरे व्हायचे. आपल्या शब्दाला गावात असे वजन आहे, म्हणून ही विनंती आपल्याला.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. भाऊ तेव्हा अडतिशीत होता. घरात कोणाचा मृत्यू नव्हता, पीकही त्या वर्षी बरे होते. तरी दिवाळीनंतर तो हळूहळू विझत गेला. पहाटे तीनला त्याला जाग यायची आणि उजाडेपर्यंत तो अंगणातल्या बाजेवर बसून राहायचा. भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राही, गिळवत नसे. बैल सोडायला गेला की दावे हातात धरून गोठ्यात उभा राही. सोडायचे की बांधायचे, हेच त्याला सुचत नसे. टाळांची जोडी खुंटीला लटकलेली, तिच्या दोरीवर कोळ्याने जाळे धरलेले. एकदा मला म्हणाला, "ताई, छातीवर कोणी पाटा ठेवलाय असं वाटतं. उतरतच नाही."

मी गीता शिकवणारी बहीण. त्याच्या बाजेशी उभी राहून मी दुसऱ्या अध्यायातला तिसरा श्लोक म्हटला, वर अर्थही सांगितला: मनाचा हा दुबळेपणा झटकून टाक आणि उभा राहा. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड केले. पुढे आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

शेवटी मेहुण्यांनी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोनतीन आठवडे काही फरक दिसेना, मग झोप लागू लागली, जेवण जाऊ लागले. चौथ्या महिन्यात तो आपल्या पायांनी सप्ताहाच्या मंडपात आला. टाळ घेतले नाहीत, पण मंडपाच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत बसला. त्या रात्रीच्या कीर्तनात महाराज म्हणाले की ज्याच्या मुखी नाम आहे त्याला मनाचा आजार होऊच कसा शकेल. गोळ्या खाऊन मन शांत करायला निघालेल्यांचा देवावर विश्वासच उरलेला नाही. टाळ्या पडल्या. मी भावाकडे पाहिले. तो मान खाली घालून मांडीखालच्या सतरंजीचा धागा ओढत होता.

घरी आल्यावर त्याने गोळ्यांची पाकिटे उकिरड्यावर टाकली. आम्हाला हे कळले महिना उलटल्यावर, तो दोन रात्री घरी आला नाही तेव्हा. तिसऱ्या दिवशी सापडला. जिवंत सापडला, एवढेच इथे लिहिते.

त्या महाराजांचे नाव मी कधी कोणाला सांगितले नाही आणि सांगणारही नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हते. नामावरच्या निष्ठेने ते बोलले. शिवाय त्यांनी मंडपात जे सांगितले तेच मी आधी बाजेशी उभी राहून सांगून चुकले होते, तेही साक्षात भगवंताच्या शब्दांचा आधार घेऊन. म्हणून भाऊ सावरल्यावर मी पहिले काम केले ते हे की तो श्लोक जिथे आहे तिथे जाऊन पुन्हा वाचला, मागचा-पुढचा संदर्भ धरून. वर्गात वर्षानुवर्षे शिकवलेली जागा तेव्हा मला पहिल्यांदा दिसली.

पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. त्याच्या ४७ श्लोकांत श्रीकृष्णाच्या तोंडी एकच वाक्य आहे: हे जमलेले कुरू पाहून घे. त्यानंतर अध्याय संपेपर्यंत भगवंत एक शब्द बोलत नाहीत. अर्जुन बोलतो. गात्रे ढिली पडली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, कातडीची आग होते आहे, उभे राहवत नाही, मन भोवंडते आहे, हातातून गांडीव गळते आहे. देहात उतरलेल्या मनोव्यथेचे इतके नेमके वर्णन व्यासांनी भारतयुद्धातल्या सर्वांत शूर माणसाच्या तोंडी घातले. भगवंत मध्ये तोडत नाहीत, पूर्ण ऐकून घेतात.

दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते दोन श्लोक बोलतात आणि ते दटावणीचे आहेत. हे भलत्या वेळी तुला कुठून सुचले, हे तुला शोभत नाही, ऊठ. मी भावाला ऐकवले ते हेच. आता पुढे काय होते ते पाहा. अर्जुन उठत नाही. तो आणखी गोंधळतो, मला काही कळेनासे झाले आहे, मला शिकव म्हणतो, आणि नवव्या श्लोकात मी लढणार नाही असे सांगून गप्प बसतो. दटावणी वाया गेली आहे. माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून गप्प झाला होता, तशीच ही चुप्पी.

गीतेचा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून, चेहऱ्यावर हसू ठेवून. मग भगवंत पुन्हा तसे दटावत बसत नाहीत. अठराव्या अध्यायापर्यंत ते समजावतात. अर्जुन शंकेमागून शंका काढतो. तिसऱ्या आणि पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला तर जवळजवळ तीच शंका पुन्हा विचारतो. सहाव्यात तो सांगून टाकतो की मन आवरणे म्हणजे वारा आवरण्याइतके कठीण. त्यावर भगवंत आधी ते कठीण आहे हे कबूल करतात, मग अभ्यास आणि वैराग्य सांगतात. त्याच अध्यायात जेवण, झोप, जागरण आणि काम सारे बेताचे असावे असे सांगितले आहे. आज मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत झोप आणि जेवण विचारतात, ते याच वाटेवरचे आहे. आणि शेवटी भगवंत म्हणतात: याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. ज्याची बुद्धी काही घटकांपूर्वी ढळली होती, त्याला त्याच्या निर्णयाचा मान परत देऊन हा संवाद पुरा होतो.

आपण ज्ञानेश्वरीचे पारायण करता. शंकराचार्यांचे भाष्य प्रत्यक्ष उपदेशाच्या श्लोकापासून सुरू होते, हे आपण जाणताच. माउलींनी मात्र शके १२१२ मध्ये पहिल्या अध्यायावरही ओवी केली, अर्जुनाच्या विषादापाशी थांबून. कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, हा दृष्टांत तिथलाच आहे. अर्जुन दुबळा म्हणून अडकला, असे माउली म्हणत नाहीत. प्रेमाच्या जागी बळ चालत नाही, असे म्हणतात. आणि भगवंत उपदेशाला सुरुवात करतात त्या जागी माउली वैद्याचा दृष्टांत देतात. हे प्रमाण आपल्या हाताशी असताना खचलेल्या माणसाला व्यासपीठावरून दटावायचे कशासाठी?

योगवासिष्ठाचा आरंभही असाच आहे. तीर्थयात्रेहून परतलेला राम, अजून सोळाही पुरी न झालेला. त्याला जेवण जात नाही, तो वाळत चालला आहे, कशात मन नाही, गालावर हात ठेवून बसलेला असतो. दशरथ विचारतो, तो सांगत नाही. पुढे विश्वामित्र येतात आणि म्हणतात, त्याला इथे आणा, त्याला बोलू द्या. भर दरबारात एक मुलगा आपल्या मनातली सारी निरर्थकता उघडी करतो आणि त्याला कोणी हसत नाही. सभा स्तब्ध होऊन ऐकते. वसिष्ठांचा तो प्रचंड ग्रंथ म्हणजे या मुलाला दिलेले उत्तर आहे. आज दहावी-बारावीच्या निकालानंतर खोलीचे दार लावून बसलेली मुले आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या आईबापांना ही कथा आपल्याइतकी रंगवून कोण सांगेल?

याच ग्रंथात चूडालेच्या आख्यानात आधी आणि व्याधी यांची फोड केली आहे. मनाचे दुखणे ती आधी, देहाचे ती व्याधी, आणि पहिल्यातून दुसरी उपजते. आपण मराठी माणसे 'आधिव्याधी' हा शब्द जोडूनच उच्चारतो आणि त्यातला पहिला अर्धा भाग विसरून जातो. पोटात दुखले की दवाखाना, मनात दुखले की चार लोकांत बोलायचे नाही, असे आपण केले. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे तीन समास लिहिले, त्यातल्या आध्यात्मिक तापात देहाची दुखणी आणि मनाची दुखणी एकाच पंगतीला बसवली आहेत. लाज एकाचीही नाही.

वनपर्वाच्या आरंभीचा एक प्रसंग तर मला कीर्तनाच्या उत्तररंगासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. पांडव नुकतेच वनात निघाले आहेत, युधिष्ठिर पार खचला आहे, आणि शौनक नावाचा ब्राह्मण त्याच्याशी बोलतो. तापलेला लोखंडी गोळा पाण्याच्या घागरीत टाकला की सारे पाणी तापते, तसे मनाच्या दुःखाने शरीर तापते, असे तो म्हणतो. आणि म्हणूनच, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, जाणते वैद्य गोड बोलून आणि मनाजोगत्या गोष्टी देऊन आधी रोग्याच्या मनाला शांत करतात. घागर, पाणी, लोखंड. खेड्यातल्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. पाणी घागरीला हात लावूनच तापलेले कळते, पण तापलेला गोळा आत असतो.

आता चरकाकडे येते, कारण आपल्या नावावर गोळ्या नाकारणाऱ्यांना उत्तर तिथे आहे. चरकसंहिता सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात उपचाराचे तीन प्रकार सांगते. पहिला दैवव्यपाश्रय: मंत्र, जप, होम, उपवास, तीर्थयात्रा. दुसरा युक्तिव्यपाश्रय: विचारपूर्वक योजलेला आहार आणि औषध. तिसरा सत्त्वावजय: अहिताकडे धावणारे मन परत आणणे. तिन्ही एका ओळीत, शेजारी शेजारी. जप करणाऱ्याने औषध घेऊ नये, असे चरकाने कुठे म्हटलेले नाही. उन्मादाच्या चिकित्सेचा त्याचा स्वतंत्र अध्याय आहे, त्यात कल्याणक घृतासारखी पोटात घ्यायची औषधे आहेत. प्रिय वस्तू गमावल्याने ज्याचे मन पोळले त्याला सांत्वनाने आणि धीर देऊन शांत करावे, असेही तिथेच आहे. सूत्रस्थानात दुसऱ्या एका ठिकाणी तो सांगतो की रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषाद सगळ्यांत पुढे.

महाराज, यातला पहिला आणि तिसरा उपचार परंपरेने आपल्याकडे आहे. नाम, कथा, सत्संग, भरकटलेल्या मनाला वळवून आणणारा शब्द, हे देणे आपले. दुसरा वैद्याकडे आहे. तिवईचा एक पाय दुसऱ्याला म्हणाला की तू नको, तर पडतो तो तिवईवर ठेवलेला घडा.

मी हेही लिहिले पाहिजे की चरकात सारेच आज घेण्याजोगे नाही. उन्मत्त माणसाला बांधावे, एकांतात कोंडावे, भीती दाखवावी, असे उपायही त्याच अध्यायात आहेत. त्या काळच्या वैद्याच्या हाताशी होते ते त्याने सांगितले. आपण ते सोडून द्यायचे. ग्रंथ प्रमाण मानणे म्हणजे त्यातला विवेक पुढे नेणे, हे आपणच आम्हाला शिकवले आहे.

बांधण्याचा विषय निघाला म्हणून अथर्ववेद आठवतो. त्याच्या सहाव्या कांडात उन्मादावरचे छोटे सूक्त आहे. एक माणूस जखडून ठेवला आहे आणि तो बडबडतो आहे. सूक्तातली पहिली मागणी काय आहे? याला सोडव. अग्नी तुझे मन शांत करो, आणि मी जाणून-समजून औषध करतो, म्हणजे तू उन्मादातून मुक्त होशील, असे उपचार करणारा म्हणतो. प्रार्थना आणि औषध एकाच तोंडून, आणि त्याआधी सुटका. त्यानंतर हजारो वर्षांनी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तामिळनाडूतल्या एरवाडी इथे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. आपल्या राज्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणे, बांधणे, चटके देणे यांना २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी 'बाहेरचे आहे' हे शब्द अजून कानावर येतात. त्यांनाही उत्तर चरकात आहे. निदानस्थानात तो म्हणतो की स्वतःच्या कर्माने जो पीडित झालेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांपैकी कोणी पीडा देत नाही. उन्मादाच्या पाच प्रकारांत आगंतुक हा एक प्रकार त्याने ठेवला खरा, पण बाकीचे चार शरीराच्या दोषांतूनच उपजतात असे सांगितले. देवऋषीकडे निघालेल्या घराला हे चरकाचे बोल आपण सांगितले तर ऐकले जातील. मी सांगितले तर 'बाईंना काय कळतं' म्हणतील.

इथे एक धोक्याची सूचनाही. अर्जुनाचा विषाद आणि माझ्या भावाचा आजार या दोन गोष्टी एक नव्हेत. अर्जुन त्या सकाळपर्यंत धडधाकट होता. त्याच्यासमोर आप्त उभे होते, त्याच्या दुःखाला कारण होते, आणि त्याची बुद्धी ऐकण्याच्या स्थितीत होती. खोल नैराश्याच्या आजारात ऐकण्याची शक्तीच जाते. भाऊ बरा झाल्यावर म्हणाला, "ताई, तू बोलत होतीस ते मला विहिरीच्या तळातून ऐकू आल्यासारखं यायचं." अशा माणसाला तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही, आधी त्याला विहिरीतून वर काढावे लागते. पतंजलींनी योगातल्या नऊ अडथळ्यांची यादी दिली, त्यात पहिला अडथळा व्याधी हाच ठेवला. आणि चित्त विस्कटले की सोबत येणाऱ्या गोष्टींत दुःख, उदासपण, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास एकत्र घातले. आजारी माणसाकडून साधनेची अपेक्षा आधी करू नये, हे योगशास्त्रानेच ओळखले होते. म्हणून गीता सर्व मनोविकारांवरचे औषध आहे असे कृपा करून सांगू नका. ती औषधाला साथ देईल, औषधाची जागा घेणार नाही.

साथ मात्र खरी आणि मोठी आहे. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची उपचारपद्धती मराठीत आणली तेव्हा तिला नाव दिले 'विवेकनिष्ठ'. विवेक हा शब्द मराठी माणसाच्या कानाला परका नव्हता, तो ज्ञानेश्वरीतून आणि दासबोधातून आधीच घरात आला होता. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून स्मृती ढळणे आणि मग बुद्धीचा नाश, ही दुसऱ्या अध्यायातली साखळी आणि 'विचारातून भावना उपजते' हे आजच्या मानसोपचाराचे सूत्र, दोन्ही साखळीच्या पहिल्या कडीला हात घालतात. भाऊ समुपदेशकांकडे जायचा तेव्हा त्यांनी त्याला वहीत विचार लिहायला सांगितले होते. तो घरी येऊन म्हणाला, "अगं, हे तर मनाच्या श्लोकांसारखंच आहे. मनाशीच बोलायचं." समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले, माझ्या भावाने दोनशे पानी वही भरली. त्याला त्या पद्धतीत परकेपणा वाटला नाही याचे श्रेय लहानपणी मंडपात ऐकलेल्या शब्दांना आहे, म्हणजे आपल्या परंपरेला आहे.

आता प्रत्यक्ष मागणे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे दिसले की दर १०० प्रौढांत दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. आपल्या मंडपात हजार माणसे बसली असतील तर त्यांतले शंभरएक या वाटेवर असू शकतात, आणि बहुतेकांनी कोणापाशी तोंड उघडलेले नसते. ते खांबाला टेकून बसलेले असतात.

पहिली विनंती ही की गोळ्या सोडा असे व्यासपीठावरून कधीही म्हणू नका, सुचवूही नका. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी नामाच्या आड येत नाही, तशीच हीही येत नाही. औषध कमी करायचे की थांबवायचे, हे ठरवणे डॉक्टरांचे काम.

दुसरी विनंती, सप्ताहातले एक तरी कीर्तन अर्जुनविषादावर करा आणि उपदेशाकडे घाई करू नका. पहिल्या अध्यायात थांबा. भगवंत किती वेळ ऐकत राहिले ते दाखवा. ज्याच्या घरात असे माणूस आहे त्याला ऐकायचे कसे, हे त्यातून कळेल.

तिसरी, पसायदानापूर्वी एक आकडा उच्चारा: १४४१६. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. सप्ताहाच्या पत्रिकेवर देणगीदारांच्या नावांखाली तो आकडा छापायला मंडळाला सांगा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे उपचार होतात आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ते मिळवण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, हेही एका वाक्यात सांगता येईल.

चौथी विनंती मोठी आहे. कीर्तन संपल्यावर पाया पडायला रांग लागते. त्या रांगेत शेवटी कोणी उगाच रेंगाळत असेल, तर त्याला दोन शब्द विचारा: झोप लागते का, जेवण जाते का. जगावेसे वाटत नाही असे तो म्हणाला तर आशीर्वाद देऊन पाठवू नका. घरच्या कोणाला तरी बोलावून घ्या, त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगा. आपण सांगितले तर ते जातील.

मुक्ताईची ताटी आपण सारे गाता. थोरला भाऊ दुखावून दार लावून आत बसला आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून त्याला विनवीत राहिली. तिने दार तोडले नाही, 'ज्ञानी म्हणवतोस आणि रुसतोस' म्हणून पाठ फिरवून गेली नाही. दार उघडेपर्यंत ती बोलत राहिली, आणि आत बसलेल्याचे थोरपण त्याला आठवून देत राहिली. मी माझ्या भावाच्या दाराशी उभी होते तेव्हा माझ्या हाती गीता होती, मुक्ताई नव्हती. आता जिथे जमेल तिथे हे सांगते, पण माझा आवाज एका गल्लीपुरता आहे. आपला आवाज कर्ण्यावरून चार वाड्या-वस्त्यांवर जातो.

भावाच्या गोळ्या अजून चालू आहेत, आता एकच, रात्रीची. गेल्या वर्षीच्या सप्ताहाला तो मृदंगाच्या उजव्या अंगाला उभा होता, पहिल्या ओळीत. हरिपाठाला जायच्या आधी त्याने खुंटीवरचे टाळ काढले, चिंच लावून घासले आणि दोरी नवी ओवली. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "ताई, यंदा महाराज काय बोलतील कोण जाणे." त्याच्या आवाजात थोडी भीती होती. ती भीती या श्रावणात त्याच्या मनातून, आणि त्याच्यासारख्या प्रत्येकाच्या मनातून काढून टाकणे आपल्या हाती आहे.

आपली नम्र,
मंडपात बायकांच्या बाजूला बसणारी एक श्रोती